घंटेचा नाद किती वेळ टिकतो? क्वांटम ऑप्टोमेकॅनिक्सकडे वळू पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा होता: "सर, मी देवरुखचा. रत्नागिरीत एम.एस्सी. फिजिक्सच्या पहिल्या वर्षाला आहे. क्वांटम ऑप्टोमेकॅनिक्स आणि हायब्रिड क्वांटम सिस्टीम्समध्ये पीएच.डी. करायची इच्छा आहे. कॉलेजात एक हेलियम-निऑन लेझर आहे, तोही पावसाळ्यात रुसतो. थिअरी घेऊ की प्रयोग? आणि इथे बसून आत्ता काही करता येईल का?"

थिअरी की प्रयोग, हे नंतर बघू. तुमची खरी अडचण मला वेगळी वाटते. तुम्ही हा विषय बातम्यांमधून पाहिला आहे. कुणी ढोलकीएवढी नव्हे तर धुळीच्या कणाएवढी ढोलकी मूळ, म्हणजे किमान ऊर्जेच्या, अवस्थेपर्यंत थंड केली, कुणी दोन ढोलक्या एकमेकींत गुंतवल्या, कुणी स्फटिकाचं श्रोडिंगरच्या गोष्टीतलं 'मांजर' केलं, म्हणजे त्याला एकाच वेळी दोन विरुद्ध अवस्थांत ठेवलं. प्रत्येक बातमी भारीच वाटते, पण कुठलं काम खरोखर पुढे गेलंय आणि कुठलं नुसतं चमकतंय हे ओळखायचं माप तुमच्या हातात नाही. ते माप हाती आलं की विषय निवडणं, गाइड निवडणं, थिअरी-प्रयोग ठरवणं हे सगळं सोपं होतं. आणि ते माप देवरुखात बसूनही शिकता येतं.

मी स्वतः वेंगुर्ल्याकडचा. बावीस वर्षं लेझर आणि अतिशीत तापमानाच्या प्रयोगशाळांत काढली, त्यातली बरीचशी सिलिकॉन नायट्राइडच्या पडद्यांबरोबर. त्यामुळे पुढचं सगळं प्रयोगवाल्याच्या नजरेतून आहे. थिअरीवाला हेच वेगळ्या क्रमाने सांगेल.

आधी मूळ गोष्ट. प्रकाश ढकलतो. १९०१ साली रशियात लेबेदेव यांनी आणि त्याच सुमारास अमेरिकेत निकोल्स आणि हल यांनी हे मोजून दाखवलं. १ मिलिवॉटचा लेझर आरशावरून परत फिरला की जोर बसतो साधारण ७ पिकोन्यूटन, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याच्या वजनाच्या ३ कोटीव्या हिश्श्याइतका. म्हणून प्रकाशाला दोन आरशांच्या मध्ये कोंडायचं. तो हजारो वेळा आपटतो, तेवढ्या पटीने जोर वाढतो. या आरशांच्या खोलीला आम्ही कॅव्हिटीच म्हणतो. त्यात एखादा आरसा किंवा मधला पडदा हलणारा ठेवला की प्रकाश पडद्याला हलवतो, पडदा हलला की प्रकाश बदलतो. ऑप्टोमेकॅनिक्स म्हणतात ते एवढंच.

पण तो पडदा 'क्वांटम' कधी म्हणायचा? १० नॅनोग्रॅमचा, सेकंदाला १० लाख वेळा थरथरणारा पडदा घ्या. पूर्ण थंड केला तरी उरणारं त्याचं शून्यबिंदू कंपन साधारण १ फेम्टोमीटर असतं, एका प्रोटॉनच्या आकाराच्या घरातलं. उलट खोलीच्या तापमानाला त्याच पडद्यात उष्णतेचे सुमारे ६२ लाख फोनॉन, म्हणजे कंपनाच्या ऊर्जेचे सर्वात लहान हिस्से, खळबळत असतात. जत्रेत कुणी कानात कुजबुजावं तसं आहे हे.

आता ते माप. कुठलीही प्रणाली समोर आली की तीन प्रश्न विचारायचे: हिच्यातली ऊर्जा कुठून गळते, किती वेगाने गळते, आणि ती गळण्याआधी मला जे करायचंय ते करून होतं का?

गळतीचा वेग सांगणारा आकडा म्हणजे क्यू; तो जितका मोठा तितकी गळती कमी. गावातल्या देवळातली घंटा घ्या. मोबाइलवर तिचा आवाज ध्वनिमुद्रित करा, ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा, आणि आवाजाची उंची ३७ टक्क्यांवर यायला किती वेळ लागतो ते बघा. तो वेळ (सेकंदांत) गुणिले वारंवारता गुणिले पाय (π), झाला क्यू. ८०० हर्ट्झची घंटा २ सेकंदांत एवढी खाली आली तर क्यू ५,०००. मी हा उद्योग आमच्या देवळात केला तेव्हा गुरव शेजारी येऊन उभा राहिला, "काय बघतंस रे?" म्हणाला. मी म्हटलं, घंटा किती वेळ वाजते ते बघतोय. तो म्हणाला, दोरीला नीट टांगलेली असली तर जास्त वेळ वाजते, लोखंडी आकड्यात घट्ट आवळली की लगेच बसते.

त्या वाक्यापाशी मी जरा थांबलो, कारण नेमकी तीच गोष्ट शिकायला मला आठ महिने लागले होते. आमच्या पडद्याचा क्यू इतरांच्या मानाने दहापट कमी येत होता. आम्ही निर्वात पंप बदलला, लेझर बदलला, पडदेच नवे मागवले. शेवटी कळलं की चिप जिच्यावर बसवली होती ती पट्टी आणि चारही कोपऱ्यांना लावलेला गोंद हाच चोर होता. पडद्याची ऊर्जा तिथून बाहेर जात होती. चिप एकाच कोपऱ्यात धरली, बाकी मोकळी सोडली, आणि क्यू जागेवर आला. त्या आठ महिन्यांतून एक ओळसुद्धा छापून आली नाही.

चांगल्या नायट्राइड पडद्याचा क्यू १० कोटींच्या पुढे जातो. तुमच्या ८०० हर्ट्झच्या घंटेला तेवढा क्यू असता तर पहाटे पाचच्या काकडआरतीला दिलेला टोला दुपारी चारलाही ३७ टक्के शिल्लक असता. तरीही खोलीच्या तापमानाला तेवढा क्यू जेमतेम पुरतो. १ मेगाहर्ट्झच्या त्या पडद्यात दर अडीच मायक्रोसेकंदाला एक आगंतुक फोनॉन शिरतो, आणि तेवढ्या वेळात पडदा दोन-अडीच हेलकावेच घेतो. नियम असा, की खोलीच्या तापमानाला क्यू गुणिले वारंवारता हा गुणाकार ६ लाख कोटींच्या वर हवा. नाहीतर एक हेलकावा पुरा व्हायच्या आत क्वांटम अवस्था पुसली जाते. तोच पडदा १० मिलिकेल्विनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या फक्त एक शतांश अंश वर, न्या, सेकंदाला सुमारे १३ फोनॉन शिरतात. अडीच मायक्रोसेकंदांच्या जागी ७५ मिलिसेकंद मिळाले. त्यात बरंच काही करता येतं.

थंड करायचे मार्ग दोन. एक, डायल्यूशन फ्रिजमध्ये, म्हणजे मिलिकेल्विनपर्यंत थंड करणाऱ्या यंत्रात, टाकणं. दुसरा, प्रकाशानेच थंड करणं. नवख्याला हे उलटं वाटतं, लेझर तर तापवतो ना? ओटीवरच्या झोपाळ्याचा विचार करा. झोका पुढे जाताना ढकललं तर वाढतो. झोका तुमच्याकडे येत असताना ढकललं तर मोडतो. कॅव्हिटीत पडदा हलला की आतला प्रकाश लगेच बदलत नाही, भरायला-रिकामा व्हायला त्याला थोडा वेळ लागतो, म्हणून त्याचा ढकला उशिरा येतो. लेझरची वारंवारता कॅव्हिटीच्या किंचित खाली ठेवली की हा उशीर बरोबर झोका मोडणाऱ्या बाजूचा पडतो. फोटॉनच्या भाषेत बोलायचं तर आत येणाऱ्या फोटॉनला एका फोनॉनएवढी ऊर्जा कमी पडते, ती तो पडद्याकडून उचलतो आणि बाहेर जातो. २०११ साली अमेरिकेत बोल्डरच्या निस्ट या संशोधन संस्थेत १० मेगाहर्ट्झच्या ॲल्युमिनियमच्या ढोलकीवर हेच सूक्ष्मतरंग (मायक्रोवेव्ह) वापरून केलं. फ्रिजमध्ये २० मिलिकेल्विनला साधारण ४० फोनॉन होते, ते सरासरी ०.३४ वर आले. त्याच वर्षी कॅल्टेकमध्ये सिलिकॉनच्या नॅनोपट्टीवर, ३.६८ गिगाहर्ट्झला, लेझरने ०.८५ पर्यंत नेले.

आता त्याच्या आधीच्या वर्षीचा, २०१० चा प्रयोग बघा. तुमच्या विषयाचं सगळं सार मला त्यात दिसतं. सांता बार्बराला क्लीलँड आणि मार्टिनिस यांच्या गटांनी ६ गिगाहर्ट्झने कंप पावणारा एक तुकडा अतिवाहक क्यूबिटला, म्हणजे क्वांटम संगणकाच्या मूळ घटकाला, जोडला. वारंवारता एवढी मोठी की २५ मिलिकेल्विनच्या फ्रिजमध्ये तो आपोआप मूळ अवस्थेत गेला, वेगळं थंड करावंच लागलं नाही. मग क्यूबिटमधून ऊर्जेचा एकच क्वांटम त्यात टाकला आणि परत काढला. यांत्रिक वस्तूवर असं प्रथमच झालं. (हेच मार्टिनिस पुढे २०२५ च्या नोबेलमध्ये क्लार्क आणि डेव्होरे यांच्यासोबत होते, पण ते १९८० च्या दशकातल्या विद्युतमंडलावरच्या कामासाठी.) त्या तुकड्यात ऊर्जा किती टिकत होती? साधारण ६ नॅनोसेकंद. क्यू फक्त काही शे. म्हणजे तुमच्या देवळातली पितळी घंटा त्याहून सरस! तरीही प्रयोग ऐतिहासिक ठरला, कारण क्यूबिट आणि तुकडा यांच्यातली देवाणघेवाण त्याहून लवकर, चारेक नॅनोसेकंदांत, पुरी होत होती.

म्हणजे एकट्या क्यूला अर्थ नाही, एकट्या जोडणीलाही नाही. जोडणीचा वेग आणि दोन्हीकडची गळती यांचं गुणोत्तर बघायचं. आम्ही त्याला कोऑपरेटिव्हिटी म्हणतो: जोडणीच्या वर्गाची चौपट भागिले दोन्ही गळत्यांचा गुणाकार. त्याला पुन्हा उष्णतेच्या फोनॉनांनी भागा. उत्तर १ च्या वर आलं तरच खेळ क्वांटम.

हायब्रिड, म्हणजे वेगवेगळ्या जातीच्या क्वांटम वस्तू जोडून केलेल्या, प्रणालींचं मर्म याच गुणोत्तरात आहे, आणि ते बघायला दोन नारळ पुरतात. मांडवाच्या आडव्या दोरीला सारख्या लांबीच्या सुतळ्यांनी दोन नारळ टांगा, एकाला झोका द्या. थोड्या वेळात तो थांबतो आणि दुसरा झुलायला लागतो, मग उलट. आता एका नारळाचं खालचं टोक पाण्याच्या बादलीत बुडवा. झोका त्याच्याकडे पोचायच्या आतच विरतो, देवाणघेवाण दिसत नाही. जोडणी तीच आहे, फक्त गळती वाढली. मग बादली काढा आणि एक सुतळी लांब करा. आता गळती नाही तरी देवाणघेवाण अर्धवटच होते, कारण सूर जुळत नाहीत. कागदावर दोन समीकरणं लिहून हे तिन्ही प्रकार काढा, आणि घड्याळ लावून प्रत्यक्षाशी ताडून बघा. मी आजवर पीएच.डी.च्या मुलाखतीत जे प्रश्न विचारले त्यातले निम्मे तरी याच्या पुढे जात नाहीत.

मुळात जोडायचंच कशाला? अंध-पंगू न्याय. क्यूबिटच्या पातळ्या असमान अंतरावर असतात म्हणून एकेक क्वांटम हाताळता येतो, पण तो जिथे आहे तिथेच, थंड फ्रिजच्या तळाशी अडकलेला. यांत्रिक कंपक दीर्घायुषी, पण त्याच्या पातळ्या सारख्या अंतरावर, त्यामुळे एकटा तो कुठलीच चलाखी करू शकत नाही. प्रकाश फायबरमधून कोसभर नव्हे शेकडो किलोमीटर जातो, पण थांबत नाही. प्रत्येकाचं उणं दुसऱ्यात आहे. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात २०२३ साली १६ मायक्रोग्रॅमच्या नीलम स्फटिकाच्या कंपनाची 'मांजर' अवस्था केली, ती क्यूबिटच्या आधारानेच. बाझेलमध्ये २०२० साली अणूंचा ढग आणि नायट्राइडचा पडदा १ मीटर अंतरावरून लेझरने जोडले.

पण दोघांना एकत्र बांधलं की दोघांच्या गळत्याही घरात येतात, हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं. ५ गिगाहर्ट्झचा सूक्ष्मतरंग फोटॉन आणि फायबरमधला १,५५० नॅनोमीटरचा फोटॉन यांच्या ऊर्जेत जवळपास ४० हजारपट फरक आहे. एक भरकटलेला लेझर फोटॉन अतिवाहकातल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या तोडायला पुरेसा होतो. शिवाय सिलिकॉन थोडासा प्रकाश शोषतं आणि मिलिकेल्विनला ते 'थोडंसं'सुद्धा तापवतं. २०१८ साली बोल्डरच्या जायला या संस्थेत पडद्याच्या मार्फत सूक्ष्मतरंगाचा प्रकाश करताना ४७ टक्के कार्यक्षमता मिळाली. बातमी वाचणारा इथे टाळी वाजवतो. त्याच कामात मिसळलेला गोंगाट बराच कमी करूनही ३८ फोटॉनांचा होता. एकच फोटॉन जपून पाठवायचा असेल तर ३८ म्हणजे फार. ते काम उत्तम आहे, आणि त्यांनी हा आकडा सारांशातच छापला म्हणून मला ते अधिक आवडतं. तुम्ही शोधनिबंध वाचताना टक्केवारी वाचून थांबू नका, गोंगाटाचा आकडा शोधा. सापडला नाही तर तो का नाही, असा प्रश्न पडू द्या. 'हायब्रिड' हा शब्द अलीकडे प्रकल्पाच्या अर्जात मसाल्यासारखा पडतो. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे त्या जोडल्या गेल्या असं होत नाही.

कोकणाचं काय, असंही तुम्ही अप्रत्यक्ष विचारलं आहे. किनारा अशा प्रयोगांना अवघड खरा. पावसाळ्यात लाटा वाढतात तेव्हा जमीनसुद्धा दर काही सेकंदांना हलकीशी हलते. १२ सेकंदांच्या लाटांची जमिनीतली थरथर बहुतेक ६ सेकंदांची असते, कारण समोरासमोर आलेल्या लाटांचा तळावरचा दाब दुप्पट वारंवारतेने बदलतो. आपल्याला ती कळत नाही. गुरुत्वीय लहरींच्या शोधकांना मात्र तिचा त्रास होतो. ४० किलोच्या आरशांची लायगो हीसुद्धा ऑप्टोमेकॅनिक्सच आहे, बरं का; २०२१ साली तिचे चारही आरसे मिळून होणारा १० किलोचा एक कंपक सरासरी सुमारे ११ फोनॉनपर्यंत थंड केला गेला. भारतातली लायगो हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ, समुद्रापासून दूर होते आहे. पण मेगाहर्ट्झ-गिगाहर्ट्झच्या पडद्यांना थेट त्रास होतो तो लाटांचा नव्हे, फ्रिजच्या पंपाचा आणि बाष्पाचा. मुंबईत कुलाब्याला, अगदी समुद्राच्या काठावर, टीआयएफआर या संशोधन संस्थेत मिलिकेल्विनचं उत्तम काम चालतंच.

आता थिअरी की प्रयोग. हे तुमच्या परिस्थितीवर आहे आणि ती तुम्ही लिहिलेली नाही. घरी दर महिन्याला पैसे पाठवायचे असतील तर फेलोशिप किती वर्षं निश्चित मिळते ते आधी बघा. जेआरएफचे सध्या महिन्याला ३७ हजार मिळतात, पण प्रायोगिक पीएच.डी. पाचात संपेल असं धरू नका. यंत्र उघडून बसायला आवडतं का? एक गळका निर्वात जोड शोधण्यात तीन दिवस गेले तर चौथ्या दिवशी तुम्ही चिडता की कुतूहल वाढतं? चिडत असाल तर थिअरी घ्या, त्यात कमीपणा नाही. क्यूटिप हे पायथनचं फुकट साधन आहे. त्यात एक कॅव्हिटी आणि एक कंपक घाला, गळती घाला, आणि वर सांगितलेलं प्रकाशाने थंड करणं स्वतः करून बघा. साध्या लॅपटॉपवर होतं. फक्त फोनॉनांची संख्या कुठे कापता, म्हणजे जास्तीत जास्त किती फोनॉन धरता, याकडे लक्ष द्या. दहा ठेवून आणि वीस ठेवून उत्तर बदललं तर तुमचं उत्तर चुकलेलं आहे.

प्रयोगाकडे जायचं असेल तर गाइडच्या निबंधांपेक्षा त्याच्या विद्यार्थ्यांशी बोला. गेल्या वर्षात फ्रिज किती महिने थंड होता? बिघडला तर कोण दुरुस्त करतं? चिप स्वतः बनवता की बाहेरून येते? या तीन उत्तरांवर तुमची पाच वर्षं ठरतात. मला पैसा भरपूर असलेली एक जागा माहीत आहे जिथे फ्रिज दीड वर्ष खोक्यात पडून होता. आपल्याकडे यांत्रिक आणि सूक्ष्मतरंगाच्या बाजूचं काम टीआयएफआर आणि बंगळूरच्या आयआयएससीत होतं. २०२३ साली मंजूर झालेल्या ६,००३ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये संवेदन आणि मापनाचं केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे, म्हणजे तुमच्या एका रात्रीच्या गाडीवर. तिथल्या उन्हाळी प्रकल्पांना अर्ज करा. अर्जात 'मला क्वांटमची आवड आहे' लिहू नका. घंटेचा क्यू, तो दोन प्रकारे टांगून किती बदलला आणि तुमच्या मते का, हे एका पानात लिहा. असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी फोन उचलला असता.

राहता राहिला तुमचा रुसणारा लेझर. पावसाळ्यात तो चालू होत नाही यामागे बहुतेक उच्च दाबाच्या जोडावरचं बाष्प आणि खार असतो, नळी सहसा ठीक असते. हा जोड काही किलोव्होल्टचा आहे, म्हणून प्लग काढून, थोडा वेळ थांबून, लॅब असिस्टंटना सोबत घेऊनच हात लावा. आणि आरसे-भिंगं ज्या कपाटात आहेत त्यात सिलिका जेलच्या पिशव्या टाका, किंवा जुन्या लोकांसारखा एक १५ वॉटचा पिवळा बल्ब आत कायम जळता ठेवा. भिंगावर एकदा बुरशीची जाळी धरली की ती पुसून जात नाही, काचेवरचा थरच खाते. जून लागायच्या आत हे करा.